लिनव्हलचा मजला

पेनरोझ,
१८ फेब्रुवारी १९८५

चि. लिनव्हल यास,
डेलचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड जानेवारी सरता सरता पोचलं. पापांनी ते गल्ल्याच्या वर ठोकलंय आणि येईल त्या गिऱ्हाइकाला बर्फातला तो लाल छातीचा पक्षी दाखवत बसतात. समोरच्या मिस टायनीचं तोंड तुला ठाऊकच आहे. ती पापांना म्हणाली, मास यूस्टस, पोराने पक्षी पाठवला हे ठीक, पोरगा कधी पाठवणार? पापा इतके खूश झाले की तिला कंदिलाची वात फुकट दिली.

इकडे धुकं अजून हटत नाही. आल्याचं पीक बरं आहे, रताळी कुजली. बॉक्साइटची खाण बंद पडल्यापासून नवीन घर कोणी बांधत नाही. खिळे, पत्रे, कोयत्याच्या कानशी आणि शवपेटीच्या कड्या एवढंच काय ते खपतं. पाटीवर अजून ‘गॅलिमोर आणि मुलगा’ लिहिलेलं आहे. मुलगा बर्मिंगहॅमला आणि मुलगी इथे खिळे तोलतेय, पण पाटी रंगवताना मला कोणी विचारलं नव्हतं. असो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दुकानाच्या पुढच्या डाव्या खांबाला चीर पडली आहे. नाताळात केसाएवढी होती, आता तिच्यात पैशाचं नाणं उभं राहतं. मी ओबी गवंड्याला बोलावलं. त्याने शिडीवर चढून हातोडीने खांबावर टकटक केली, कान लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा विनोद न करता खाली उतरला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, मिस डेल, हा खांब आतून पोकळ बोलतोय.

तू हे दुकान फोटोतच पाहिलंयस. तू गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी पापांनी आजोबांचं लाकडी दुकान पाडून हे काँक्रीटचं बांधलं आणि तू परतल्यावर वर चढवायच्या तुझ्या मजल्यासाठी सगळ्या खांबांच्या सळया छपराच्या वर छातीएवढ्या सोडल्या. पाच वर्षांत येतो म्हणून तू गेला होतास, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. इथे निम्म्या गावाच्या छपरांवर कुणाच्या तरी नावाने सळया उभ्या आहेत, पण आपल्यासारखी गत कुणाची नाही. कारण सळई उघडी ठेवू नका, वर्षात मजला चढवणार नसाल तर कापा आणि सिमेंटने तोंड बंद करा, असं येईल त्याला बजावणारा माणूस आपल्याच घरात आहे. शाळेच्या छपरावरच्या सळया पापांनी स्वतः उभं राहून कापायला लावल्या. आपल्या सळयांवर मात्र आटवलेल्या गोड दुधाचे रिकामे डबे उलटे घालून ठेवले. वारा आला की ते वाजतात, आणि गावातली पोरं म्हणतात, लिनव्हल आला.

गुडघे धड होते तोवर पापा दर वर्षी वर चढून ग्रीस लावायचे. आता त्यांना चढता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. डब्यांखाली पाणी साठून गंज आत उतरला. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ओबी म्हणतो, आत्ता सळया कापल्या, खांब उघडून साफ केले, तर इमारत वाचेल. पापा म्हणतात, मजला ज्याचा आहे तो सांगेल तेव्हा कापू.

म्हणून तू लिही. तुझं येणं होणार नाही हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, मी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण आता त्यांना सांग. लिनव्हल, या दुकानाखेरीज माझ्याकडे काही नाही. नवरा नाही, मूल नाही, आणि दुसरं काही करायचं माझं वय राहिलेलं नाही. ते पडलं तर मी कुठे जाऊ?

युनिसला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ ठेव, आणि या वेळी उत्तरही ठेवून घेऊ नकोस.

तुझी,
डेल


बर्मिंगहॅम,
९ मार्च १९८५

ती. पापांच्या सेवेशी,
लिनव्हलचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत. थंडी यंदा फार झाली, पण आता सवय आहे. युनिस आपली आठवण काढते. धाकटा माझ्याहून उंच झाला आणि आपल्यासारखाच भुवई वर करून बोलतो.

दुकानाच्या सळयांबद्दल डेलचं पत्र आलं. ओबी जुना माणूस आहे, त्याचं म्हणणं काय ते एकदा नीट ऐकून घ्यावं असं मला वाटतं. थोड्याशा कापल्या तरी चालेल की काय, ते आपल्यालाच जास्त कळतं. मी आपल्याला लोखंडातलं काय शिकवणार! फक्त एवढं मनात आणू नका की मी विसरलो. पुढच्या नाताळपर्यंत नक्की काहीतरी ठरवतो. आपल्या हातचं नाताळातलं सॉरेलचं सरबत प्यायला मी येणार म्हणजे येणारच.

तब्येतीला जपा. शिडीवर चढू नका. आपला लोभ आजवर पुरला, पुढेही पुरावा.

आपला,
लिनव्हल


बर्मिंगहॅम,
९ मार्च १९८५

ती. सिस डेल हिला,
स. न. वि. वि.

पापांचं पाकीट वेगळं टाकलं आहे. तू ते वाचशीलच आणि वाचून मला शिव्या देशील. दे. मी खरंच ‘मी येत नाही’ असं लिहायला बसलो होतो. ‘ती. पापांच्या सेवेशी’ एवढं लिहून झालं, आणि पुढे हात भलतीकडेच गेला.

तुला जे सांगितलं नव्हतं ते आता सांगतो. आमचा कारखाना गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात बंद झाला. सेहेचाळीस वर्षांच्या काळ्या माणसाला इथे कोणी नवीन कामावर घेत नाही. तसं तोंडावर म्हणत नाहीत, फार सभ्य लोक आहेत, कळवतो म्हणतात. युनिस हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबते, त्यावर घर चालतं. मी चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडतो आणि उचलतो.

इंग्लंडहून परतलेला माणूस कसा परततो ते तू पाहिलं आहेस. आधी मोठमोठी खोकी येतात, मग फ्रिज, मग काळा सूट घातलेला तो, आणि सगळा रस्ता उभा राहून बघतो. मी काय घेऊन येऊ? गुडघेदुखी? पापा चौकात उभं राहून सांगत असतील, माझा लिनव्हल येतोय, आणि बसमधून एक बॅग घेतलेला टकला उतरणार. मिस टायनीला वर्षभर पुरेल एवढा माल मिळेल.

त्यांना जगायला त्या सळया लागतात, डेल. त्या काढल्या तर ते काय धरून उभे राहतील? तूच काहीतरी कर. ते झोपले असताना ओबीला वर चढव. तू नेहमी सगळं निभावून नेलं आहेस.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
लिन


पेनरोझ,
१४ एप्रिल १९८५

चि. लिनव्हल यास,
यूस्टस गॅलिमोरचे अ. आ.

तुझं पत्र पावलं. पुढच्या नाताळपर्यंत येतोस हे वाचून समाधान झालं. मी डेलला वाचून दाखवलं. ती उठून खिळे तोलायला गेली. बायकांना इतका मोठा आनंद एकदम झेपत नाही.

वेळ थोडा आहे म्हणून कामाला लागलो. ओबीने वर ब्लॉक चढवायला नकार दिला. तो आता म्हातारा झाला. मी खाली पोरस गावाहून दुसरी माणसं आणली. पुढच्या भिंतीचे सगळे ब्लॉक छपरावर रचून तयार आहेत, म्हणजे पावसाळ्यानंतर खोळंबा नको. चीर पडली होती तिथे चुना भरून घेतला. दिसत नाही.

आता मला कळव. तुमच्या झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला ठेवू की पश्चिमेला? पूर्वेला सकाळी धुकं शिरतं. पश्चिमेला बाजाराचा गलका आहे. युनिसला विचार, खिडकीचं बायकांनी ठरवावं. बिजागऱ्या मी पितळेच्या काढून ठेवल्या आहेत. तसल्या आता येत नाहीत.

जिना बाहेरून घ्यावा असा माझा विचार आहे. मला तो चढता येणार नाही, पण तुम्ही उतरून येत जाल.

लोभ आहेच, तो लिहून काय दाखवायचा.

तुझा पिता,
यू. गॅलिमोर


पेनरोझ,
२० मे १९८५

चि. लिनव्हल यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. मनात काय आहे ते पुढे वाच.

तुझ्या त्या ‘येणार म्हणजे येणार’ने काय केलं ते पापांनी तुला कळवलंच असेल. पुढच्या अख्ख्या भिंतीचे ब्लॉक तुटक्या खांबांवर नेऊन ठेवले आहेत! मी दोन दिवसांसाठी किंग्स्टनला पत्रे आणायला गेले होते, परत येऊन वर बघते तर भिंत उभारल्यासारखी चळत. पापा दारात उभे, नवरदेवासारखे.

पुढची तुळई वाकली आहे. दुकानाचं दार खांदा लावून उचलल्याशिवाय बंद होत नाही. मागच्या शुक्रवारी छताचा पोळीएवढा तुकडा सुटून खिळ्यांच्या तराजूवर पडला. त्या क्षणी मी तराजूपाशी नव्हते एवढंच. गिऱ्हाईक आता आत पाऊल टाकत नाही. मिस टायनी रस्त्यावरून ओरडते, डेल, दोन पौंड छपराचे खिळे दे, आणि बाहेर आणून दे बाई, मला अजून मरायचं नाहीये. लोक हसतात. मीही हसते. मग आत येऊन रंगाच्या डब्यांमागे उभी राहून रडते.

ब्लॉक उतरवायला मी माणसं बोलावली, तर पापा शिडीच्या तळाशी खुर्ची टाकून बसले. म्हणाले, एक ब्लॉक खाली आला तर आधी मला उचलावं लागेल. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोण उचलणार? ओबी टोपी हातात घेऊन म्हणाला, मास यूस्टस, तुम्हीच मला शिकवलंत की गंजलेल्या सळईवर वजन टाकू नये. पापा म्हणाले, ते गिऱ्हाइकांसाठी होतं.

ते झोपले असताना सळया काप म्हणून सांगतोस. तुला वाटतं ते झोपतात? पहाटे वाऱ्याने डबे वाजले की खिडकी उघडून बघतात.

पावसाळा तोंडावर आहे. चिंब भिजल्यावर ते ब्लॉक आणखी जड होतील. लिनव्हल, तू नोकरी गेल्याचं लपवलंस त्याचा मला राग नाही, वाईट वाटलं. रिकाम्या हाताने यायची लाज वाटते तेही समजतं. पण तुझी लाज आमच्या डोक्यावर रचून ठेवली आहे, आणि मी रोज तिच्याखाली उभी राहून खिळे तोलते. मी आजवर सगळं निभावलं, हे एक माझ्याच्याने होत नाही. माझं म्हणणं ते ऐकत नाहीत, कारण मी इथेच आहे. तुझं ऐकतात.

साध्या शब्दांत लिही. ‘काहीतरी ठरवतो’ लिहू नकोस. ‘कदाचित’ लिहू नकोस.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

डेल


बर्मिंगहॅम,
८ जून १९८५

ती. पापांच्या सेवेशी,
लिनव्हलचे शि. सा. न. वि. वि.

पापा, मी येत नाही. या नाताळला नाही आणि नंतरही नाही.

माझी नोकरी जाऊन दीड वर्ष झालं. शिल्लक काही नाही. मुलं इथलीच आहेत, ती पेनरोझला येऊन राहणार नाहीत, आणि युनिस त्यांना सोडून येणार नाही. पाच वर्षांत येतो म्हणालो तेव्हा मला तसंच वाटत होतं. दहाव्या वर्षी वाटेनासं झालं. त्यानंतरची सगळी पत्रं मी आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिली. मलाही बरं वाटायचं. लिहीत असेपर्यंत मी येतोय असंच वाटायचं.

मजला बांधू नका. ब्लॉक उतरवा आणि सळया कापा. ओबी म्हणतो तसं आणि तेवढं सगळं करा. मजला माझा असेल तर मी कापा म्हणून सांगतो आहे. दुकान डेलचं आहे. ते तिला राहू द्या.

मला क्षमा करावी असं लिहायची हिंमत नाही. लोभ ठेवा असंही या खेपेला म्हणवत नाही.

आपला,
लिनव्हल


पेनरोझ,
२१ जुलै १९८५

चि. लिनव्हल यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. काय झालं ते सगळं सांगते, कारण पापा सांगणार नाहीत.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मेथडिस्ट चर्चचा रखवालदार बिजागऱ्या घ्यायला रस्त्यात उभा होता. पापांनी पाकीट फोडलं, उभ्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग त्या माणसाला बिजागऱ्या दिल्या, स्क्रू मोजून दिले, वर एक जास्त टाकला. तो गेल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मी विचारलं, लिनव्हल काय म्हणतो? म्हणाले, बरा आहे. थोड्या वेळाने म्हणाले, ओबीला बोलाव. करवतीचं पातं त्यांनी स्वतः मांडणीवरून काढलं, अंगठ्याने दात तपासले, ते ठेवलं आणि दुसरं, जास्त चांगलं काढलं.

ब्लॉक उतरवायला दोन दिवस गेले. सळया कापल्या त्या दिवशी पापा खाली रस्त्याच्या कडेला खुर्चीवर होते. ओबी वरून एकेक डबा खाली टाकत होता, आणि पापा उठून तो उचलून आणून खुर्चीशी ठेवत होते. मिस टायनी तिच्या दारात उभी होती. मग ती रस्ता ओलांडून आली आणि पापांसाठी सेरासीच्या पाल्याचा कढत काढा ठेवून गेली. कडू आहे म्हणून ते त्याला नेहमी नावं ठेवतात. त्या दिवशी पिऊन टाकला.

लिनव्हल, आता पुढचं. सळया कापून ओबीने खांब फोडला, तर आत सळई नव्हतीच. तपकिरी पापुद्रे होते, हाताने चुरा होत होता. दुसरा खांब तसाच, तिसराही. गावच्या कचेरीतून इंजिनिअर आला, बघून गेला, आणि पुढचा अर्धा भाग पाडायचा हुकूम निघाला. मी ओबीला विचारलं, फेब्रुवारीत कापल्या असत्या तर? तो हत्यारं आवरायला लागला. मी हात धरला तेव्हा म्हणाला, मिस डेल, मलाच बाहेरून अंदाज आला नाही, हे केव्हाच संपलं होतं, आपण नुसते बोलत होतो.

म्हणजे तुझं पत्र फुकट गेलं. मी तुझ्यामागे लागून लागून त्यांना ते वाचायला लावलं आणि त्याने काहीही वाचवलं नाही. दुकान पडणारच होतं. आपण गप्प बसलो असतो तर दुकान गेलं असतं, पण तू येतोयस हे तरी त्यांच्याकडे राहिलं असतं. आता दोन्ही नाही. तुझ्यावर रागवायला बसते आणि राग माझ्यावरच येतो. रात्रंदिवस हाच विचार आहे, दुसरं सुचत नाही.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड ठोकून त्यात खिळे, कानशी आणि दिव्याचं सामान ठेवलं आहे. पापा येऊन बसतात, पण गिऱ्हाइकाला काही सांगत नाहीत. परवा एकाने विचारलं, मास यूस्टस, मजल्यासाठी सळया किती वर सोडू? ते म्हणाले, तुझी मर्जी.

लापशीही निम्मी टाकतात. त्यांना पत्र लिही, काहीही लिही. लोभ आहे, फक्त तो दाखवायचं त्राण नाही.

तुझी,
डेल


पेनरोझ,
२५ ऑगस्ट १९८५

चि. लिनव्हल यास,
अ. आ.

सळया कापल्या. तू सांगितलंस ते बरं केलंस. फार उशिरा सांगितलंस.

तू रिकाम्या हाताने येऊ शकत नाहीस असं डेल म्हणते. तुझ्या पत्रातही तसंच काहीसं दिसलं. मी पुष्कळदा विचार केला, पण काही आण असं मी तुला कधी लिहिल्याचं आठवत नाही. दुकानात सगळं होतं.

पितळेच्या बिजागऱ्या डेलने विकू नयेत असं मी तिला सांगितलं आहे. कशाला ते मलाही ठाऊक नाही.

मुलांना आशीर्वाद. लोभ होता तेवढाच आहे.

तुझा पिता,
यू. गॅलिमोर


बर्मिंगहॅम,
२६ ऑक्टोबर १९८५

ती. सिस डेल हिला,
स. न. वि. वि.

पापा गेल्याची तार मिळाली त्याच दिवशी युनिसने तिच्या बहिणीकडून विमानाचे पैसे आणले. काळा सूटही कुणाचा तरी मिळाला. आणि त्याच आठवड्यात माझी पोटरी सुजून टणक झाली. डॉक्टर म्हणतात रक्ताची गाठ आहे, विमानात बसलात तर वाटेतच जाल. मी भांडलो, डेल. आयुष्यात प्रथम मी घरी यायला भांडलो.

पापांना बर्फात ठेवून तू माझी वाट बघते आहेस हे मला ठाऊक आहे. आता थांबू नकोस. त्यांना आईशेजारी ठेव. हे पत्र पोचेपर्यंत उरकलं असेल किंवा नसेलही.

त्यांचं शेवटचं पत्र माझ्या खिशात असतं. दुकानात सगळं होतं हे वाक्य मी रोज वाचतो.

एक मागणं आहे. ओबी थडगं बांधेल तेव्हा वरच्या कप्प्यासाठी सळया सोडायला सांग. तिथे आपल्याकडे एकावर एक ठेवतातच. मी मेल्यावर मला इथल्या चिखलात राहायचं नाही. युनिसला मी तसं सांगितलं आहे. जिवंतपणी जमलं नाही, पण हे मी नक्की करणार. मला पापांच्या वर जागा ठेव. एवढा शब्द तरी मी पाळीन.

तुझाच लोभ आता उरला आहे. तो काढून घेऊ नकोस.

तुझा,
लिन


पेनरोझ,
१७ नोव्हेंबर १९८५

चि. लिनव्हल यास,
डेलचे अ. उ. आ.

तुझा पाय कसा आहे? तो उंच ठेवून बस आणि युनिसचं ऐक. गाठ खरी असेल असं मी धरून चालते. इतकी वर्षं तुझी कारणं वाचली की खरं आलेलं मला ओळखू येत नाही, त्याला मी काय करू?

तुझ्यासाठी पापांना तीन आठवडे ठेवलं. लोक रोज विचारायचे, लिनव्हलचं विमान कधी? मी म्हणायचे, कळवेल. नवव्या रात्रीचं जागरणही लांबलं, शेवटी पुरायच्या आदल्या रात्री ते तू नसतानाच केलं. अंगणभर माणसं होती. तळलेले मासे, पाव, कॉफी, रम, सगळं होतं. डोमिनो आपटत होते, भजनं चालली होती. मिस टायनी मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, या माणसाने गावातल्या प्रत्येक घराला खिळे दिले आणि स्वतः उघड्यावर गेला. तिला खाली बसवावं लागलं.

ते आजारी नव्हते. खुर्चीवर बसून राहायचे, एके दिवशी उठले नाहीत. वारा होता त्या दिवशी, आणि मला वाटतं ते डब्यांचा आवाज ऐकायला थांबले होते. डबे मी फेकले नाहीत, शेडमध्ये पोत्यात आहेत.

दुकान आता नाही. पुढचा भाग पाडला, मागचाही टिकणार नाही. पाटीची फळी चांगली सागवानी होती, ओबीने ती थडग्याच्या साच्याला लावली. शेड मी नाताळनंतर बंद करते आहे. त्यापुढे काय ते मला माहीत नाही. सकाळी उठते, किल्ली घेऊन निघते, आणि रस्त्यात आठवतं की उघडायला दार नाही. देवावर माझा राग नाही. त्याच्याशी बोलायचंच राहिलं नाही.

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी ओबी आईच्या शेजारी पापांच्या थडग्याची वरची लादी ओतत होता. काँक्रीट ओलं होतं आणि त्याने सवयीने चारी कोपऱ्यांवर सळया वर सोडल्या होत्या. म्हणजे तुझं हे एक पत्र अगदी वेळेवर आलं. मी तिथेच फणसझाडाखाली उभी राहून वाचलं आणि ओबीलाही वाचून दाखवलं. तो डोळे पुसून म्हणाला, राहू द्या मिस डेल, चार सळया तर आहेत, पोराची जागा आहे, तुमचं काय जातंय? मी म्हटलं, उद्या सांगते.

रात्री मला झोप लागली नाही. पाऊस पडत होता आणि मी पडल्या पडल्या सळयांवर पडणारं पाणी मोजत होते. सकाळी पोत्यातून डबे काढून बाहेर निघाले होते, लिनव्हल. डबे घालायला! दारापर्यंत गेले आणि हातातले डबे बघून थांबले.

मग मी करवत घेतली आणि माझ्या हाताने त्या सळया लादीच्या सपाटीला कापल्या. वेळ लागला, तळहाताला फोड आले. तोंडांवर सिमेंट बसवून घोटून घेतलं. आता तिथे काही होतं असं दिसतही नाही.

तू ये. जिवंत ये, मेलेला ये, रिकाम्या हाताने ये, कसाही ये. शेजारी जमीन आहे आणि खणायला माणसं आहेत. आलास की त्याच दिवशी लोखंड विकत आणीन. पण तू येणार म्हणून आधीपासून मी ते उघड्यावर ठेवणार नाही.

युनिसला आणि मुलांना आशीर्वाद. मुलांना त्यांच्या आजोबांची भुवई आठवणीने सांग. लोभ आहे, असू दे.

तुझी,
डेल